न विटलेला रंग

९ जानेवारी

ताई,

वाकून नमस्कार. कंबर धरून वाकलोय, तेव्हा आशीर्वाद जरा लवकर दे.

"तू तिथे नक्की करतोस तरी काय?" असं तू मागच्या पत्रात विचारलंस. ऐक. आमच्या कारखान्यात झेंडू येतो, ट्रकच्या ट्रक. पाकळ्या वाळवतात, दळतात आणि त्यातला रंग काढून तेलात उतरवतात. त्या रंगाला ल्युटीन म्हणतात. मी नोंदी ठेवतो: माल कुठला, कधी आला, अर्क किती निघाला. बाकी दिवसभर शिंकतो.

हा रंग पालकात असतो, मक्यात असतो, अंड्याच्या बलकात असतो आणि आपल्या डोळ्यातही असतो. पडद्याच्या मधोमध एक पिवळा ठिपका असतो, तिथे तो साठतो आणि प्रखर उजेड थोडा अडवतो. शरीराला तो बनवता येत नाही, खाण्यातूनच यावा लागतो. म्हाताऱ्या डोळ्यांना त्याचा उपयोग होतो का, हे बरेच लोक तपासताहेत. कुठे कुठे थोडा झालाय म्हणतात. गेलेली नजर परत आली, असं मात्र कुणी दाखवलेलं नाही.

आता तुझ्याकडे काम. दुकानांच्या काचेच्या कपाटात ठेवायला आम्हाला नमुन्याच्या बाटल्या हव्यात. खरा अर्क उन्हात चार दिवसांत विटतो. म्हणून साध्या तेलात खाण्याचे रंग घालून हुबेहूब तीच शेड हवी आहे. आमच्या लोकांनी करून बघितली तर गाजराचा रस झाला. मालक हसले. मी म्हटलं, माझी ताई तीस वर्षं कापडाच्या रंगखात्यात शेड जुळवते, तिला सांगतो. सोबत खऱ्या अर्काची छोटी बाटली आहे. खाण्याचेच रंग वापर, उगाच कुणी चाखलं तर नसती भानगड.

भावोजींना नमस्कार.

तुझा शेंडेफळ

---

२१ जानेवारी

शेंडेफळा,

आशीर्वाद घे, नि कंबरेला शेक दे.

तुझी बाटली आली तेव्हा हे खिडकीत पेपर वाचत होते. "कसला गं हा, चहा का?" म्हणाले. या माणसाने आयुष्यभर निळा मोजा काळ्याबरोबर घातला आणि लग्न केलं ते शेड जुळवणाऱ्या बाईशी.

तुझ्या शेडने मला चार दिवस नाचवलं. पिवळा आणि थोडा लाल एवढ्यावर जवळपास येते, पण भडक दिसते, खोटी वाटते. मग निळ्याचा सुईच्या टोकाएवढा थेंब सोडला. भडकपणा मारायला मी नेहमी हेच करते, तुला माहीत आहे. एकदम बसली. प्रमाण वेगळ्या कागदावर लिहून दिलंय. तुझ्या खऱ्या अर्काचा एक पट्टा माझ्या शेडवहीत ओढून ठेवलाय आणि शेजारी माझा. वही मिटली की पोरकटासारखी पुन्हा उघडून बघते.

हे काम बहुधा माझं शेवटचं. तुला सांगितलं नव्हतं. डावा डोळा दोन वर्षांपासून अधू आहे, तो कुणाला कळू दिला नाही, उजव्यावर निभावत होते. पण आता उजव्याला दाराची चौकट मधेच पोट आल्यासारखी वाकडी दिसते. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, पडद्याखाली पाणी झिरपतंय, दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं, आणि लगेच सुरू करायचं. डोळ्यात सुई! मी तारीख न घेताच घरी आले. तुझ्या त्या झेंडूचं काही होत असेल तर सांग.

ताई

---

४ फेब्रुवारी

ताई,

मालकांनी दोन बाटल्या शेजारी ठेवल्या, उजेडात धरल्या, उलट्या केल्या आणि शेवटी मलाच विचारलं, "यातली खरी कुठली?" मी छाती फुगवून फिरतोय.

तुझ्या डोळ्याचं वाचून फार वाईट वाटलं. पण वेळ बघ कशी जुळून आली. आमच्याकडे सहा महिन्यांचा अभ्यास सुरू होतोय. ऐंशी माणसं. अर्ध्यांना ल्युटीनच्या कॅप्सूल, अर्ध्यांना दिसायला तशाच पण नुसत्या तेलाच्या. कुणाला काय मिळतंय ते घेणाऱ्याला कळत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. यादी बंद पाकिटात असते. आता तुझ्यापासून काय लपवू, ते पाकीट माझ्याच कपाटात असतं. तू येतेस का? तुझ्या नावापुढे काय लिहायचं ते मी बघतो. तू निर्धास्त राहा. फक्त हे कुणाला बोलू नकोस, माझी नोकरी जाईल.

एकच अट आहे. सहा महिने दुसरा उपचार घ्यायचा नाही, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. सुई तुला नकोच आहे. सहा महिन्यांत असा काय मोठा फरक पडतो?

सोबत चौकटींचा तक्ता आहे. दर रविवारी एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि जिथे रेघा वाकड्या किंवा पुसट दिसतील तिथे पेन्सिलीने खूण करायची. तुझा नंबर सतरा.

शेंडेफळ

---

१३ फेब्रुवारी

शेंडेफळा,

कॅप्सूल पोचल्या. सकाळ-संध्याकाळ एकेक घेते. हे समोर उभे राहून मोजतात.

डॉक्टरीणबाई फार रागावल्या. "ल्युटीन घ्या, पालक खा, मला काही म्हणायचं नाही, पण झिरपणं त्याने थांबत नाही. इंजेक्शन टाळू नका," म्हणाल्या. मी म्हटलं, माझा सख्खा भाऊ तिथे आहे, तो माझं वाईट होऊ देईल का? त्यांनी "सल्ला नाकारला" असं लिहून सही घेतली. मी केली.

तुला आठवतं, गल्लीत लपाछपी खेळताना तुला लिंबूटिंबू करायचो? सगळ्यांबरोबर पळायचास, ओरडायचास, धरलं तरी तुझ्यावर राज्य यायचं नाही, कारण तू धरलेलाच नसायचास. पोरं तुला घ्यायलाच तयार नव्हती, मी भांडून तेवढं तरी मिळवलं होतं. आता मला तुझ्या खेळात लिंबूटिंबू करू नकोस म्हणजे झालं!

ताई

---

६ एप्रिल

शेंडेफळा,

आठ आठवड्यांचे तक्ते पाठवते आहे. बघ, एकाही रेघेवर खूण नाही. उजवा डोळा छान आहे. काल सुईत दोरा ओवला, पहिल्या झटक्यात. पेपरातली बारीक जाहिरातसुद्धा वाचली, कुणाला तरी जुनं कपाट विकायचं आहे.

तू केलंस ते मी विसरणार नाही. शेजारणीला सांगताना माझा आवाजच चढतो. काय मिळतंय ते सांगितलं नाही हं, नुसतं "भावाने दिलंय" म्हटलं.

ताई

---

१५ एप्रिल

ताई,

पत्र मिळालं, तक्तेही मिळाले. पण एक विचारू? रागावू नकोस. तुझ्या पत्रातल्या ओळी एकमेकींवर चढल्यात. "जाहिरात" हा शब्द पहिल्या ओळीच्या डोक्यावर बसलाय. आणि तक्ता इतका स्वच्छ कसा? जानेवारीत तुला दाराची चौकट वाकडी दिसत होती.

माझ्यासाठी म्हणून चांगलं लिहू नकोस. जे दिसतं तेच लिही, वाईट असलं तर वाईट. तुझा एकेक तक्ता मोजला जातो. मी डोळ्यांत तेल घालून बघतोय. नवे कोरे तक्ते पाठवतो, मागचे आठही आठवडे पुन्हा आठवून भरता आले तर भर.

इकडे बरं चाललंय. निकाल चांगला लागला तर नोंदणी विभाग माझ्या हाताखाली देणार आहेत. स्वतंत्र खोली, खिडकीसकट.

शेंडेफळ

---

२ मे

शेंडेफळा,

इतकी काळजी करतोस, वेड्या! आई असती तर तिनेही इतकं खोदून विचारलं नसतं. ओळी चढल्या कारण मी पलंगावर बसून लिहीत होते. आता टेबलाशी बसलेय, बघ.

पुन्हा एकदा नीट बघितलं. सगळ्या रेघा सरळ. हवं तर शपथेवर लिहून देते. तुला खिडकीची खोली मिळू दे, मी पडदे शिवून पाठवीन. रंग मीच निवडणार.

मागच्या आठवड्यात रंगखात्याने बोलावलं होतं. करड्या कापडाची शेड जुळवायची होती, जरा इकडे-तिकडे झाली. दिवा नवीन लावलाय तिथे, त्याचा उजेड चांगला नाही. तरुण मुलीने दुरुस्त केली. चांगली तयार झालीये ती, मीच शिकवलंय.

ताई

---

१४ जून

शेंडेफळा,

हे पत्र मिळाल्याबरोबर कपाट उघड आणि बाटल्या तपास. काहीतरी भयंकर घोळ झालाय तुमच्याकडे.

काय झालं ते सांगते. दीड महिन्यापूर्वी एक कॅप्सूल माझ्या हातातून निसटली. शोधायला गेले नि पायाखालीच फुटली. ह्यांनी पांढऱ्या फडक्याने पुसलं आणि फडकं खिडकीच्या कठड्यावर टाकलं. महिनाभर ऊन खाल्लं त्याने. पंधरा दिवसांपूर्वी हे म्हणाले, "डाग काही जात नाही गं, तस्साच आहे." मी म्हटलं, तस्साच? झेंडूचा रंग महिनाभर उन्हात तसाच राहील कसा? तूच तर लिहिलं होतंस, चार दिवसांत विटतो.

आम्ही रंगखात्यात करतो तेच केलं. तुझ्या पहिल्या बाटलीतला उरलेला खरा अर्क आणि माझ्या सतरा नंबरची कॅप्सूल, दोन्हींचे पट्टे पांढऱ्या कापडावर ओढले, अर्धे पुठ्ठ्याने झाकले, दहा दिवस उन्हात ठेवले. पुठ्ठा काढला. खरं सांगते, मला नीट दिसलं नाही. ह्यांना विचारलं. ज्या माणसाला मोजे कळत नाहीत तो म्हणाला, "हा जवळजवळ पांढरा पडलाय. हा जसाच्या तसा."

मग कॅप्सूलमधला एक थेंब टीपकागदावर सोडला आणि भोवती स्पिरिट. रंग पसरत गेले. "पिवळा आहे," हे म्हणाले, "मग लाल आहे. आणि अगदी कडेला निळी रेघ आहे, केसाएवढी."

निळी. निळा मी घातला होता. तो माझा रंग आहे. काचेच्या कपाटासाठी मी करून दिलेला. चार महिने सकाळ-संध्याकाळ मी माझीच शेड गिळते आहे.

तुमच्या लोकांनी नमुन्याच्या बाटलीतलं तेल चुकून कॅप्सूलमध्ये भरलं असणार. तू भोळा, तुला कुणी तरी फसवलं असेल. माझं सोड, बाकीच्यांचं बघ. मालकांना लगेच सांग, पण सांभाळून, तुझ्यावर बालंट यायला नको.

काल डॉक्टरीणबाईंकडे गेले. पाणी झिरपून आता वण झालाय म्हणाल्या. मधलं गेलं ते गेलं. कडेचं टिकवायला इंजेक्शन सुरू केलंय. सुई टोचताना काही कळलंसुद्धा नाही रे. उगाच घाबरले होते.

ताई

---

९ जुलै

ताई,

तीन आठवडे रोज लिहायला बसतो आणि उठतो.

घोळ झालेला नाही. मला कुणी फसवलं नाही.

काचेच्या कपाटाच्या बाटल्या कधीच नव्हत्या. तो रंग नुसत्या तेलाच्या कॅप्सूलसाठीच हवा होता. अभ्यासाचं आधीच ठरलं होतं. तुला कळलं असतं तर तू शंभर प्रश्न विचारले असतेस, म्हणून ते कपाट मी रचलं.

आणि पाकिटातली यादी चिठ्ठ्या टाकून केलेली नाही. ती मालकांनी माझ्याकडून करून घेतली. ज्यांचे डोळे बऱ्यापैकी आहेत ते ल्युटीनकडे, ज्यांचे झपाट्याने बिघडणार ते तेलाकडे. म्हणजे शेवटी फरक ठळक दिसतो. तेलाच्या बाजूला दोन माणसं कमी पडत होती. त्याच दिवशी तुझं पत्र आलं, चौकट वाकडी दिसते असं. ते टेबलावर उघडंच होतं. मी सतरा नंबरपुढे तुझं नाव लिहिलं.

मी स्वतःला सांगितलं की ल्युटीननेही तुझं झिरपणं थांबलं नसतंच, मग काय फरक पडतो. ते खोटं नाही ना? मग तू "छान दिसतंय, छान दिसतंय" असं लिहायला लागलीस आणि मालक चिडले, तेलाच्या बाजूचा माणूस सुधारतोय कसा म्हणून. म्हणून मी तुला पुन्हा बघायला सांगत होतो. काळजी होतीच ताई, पण त्यासाठीही सांगत होतो.

निकाल पुढच्या महिन्यात छापायचाय. तू बोललीस तर माझं सगळं संपेल. खोली मिळाली आहे. मी तुला खऱ्या अर्काच्या बाटल्या पाठवतो, जन्मभर पाठवीन. मी तिकडे येऊ का? तू म्हणशील तेव्हा येतो. एकदा माफ कर.

शेंडेफळ

---

१६ जुलै

तुझं पत्र ह्यांनी वाचून दाखवलं. मला आता वाचता येत नाही. "ते टेबलावर उघडंच होतं" इथे हे थांबले, चष्मा काढून ठेवला. मीच म्हटलं, पुढे वाचा. ह्यांनी तुला कधी एका शब्दाने दुखावलं नव्हतं. काल म्हणाले, तो माझ्या घरात पुन्हा जेवणार नाही.

हे पत्र मात्र मी स्वतः लिहिते आहे. उन्हाच्या परीक्षेचा तोच पुठ्ठा घेतलाय, त्याला खाच पाडलीये, खाचेतून पेन चालवते. म्हणून ओळी सरळ आहेत. तुला आवडतील.

ल्युटीनने माझा डोळा वाचला नसता, हे खरं आहे. मीही तुझ्या झेंडूला दोष देत नाही. तो बिचारा डोळ्याचं थोडंफार भलंच करत असेल. माझा डोळा वाचला असता इंजेक्शनने, आणि ते मी घेतलं नाही, कारण "सहा महिन्यांत काय फरक पडतो" असं तू लिहिलंस. केसाने गळा कापलास. तोही माझ्याच हातून रंग तयार करून घेऊन. आयुष्यात इतकी सुरेख शेड मला दुसरी जुळली नाही, म्हणून वही उघडून उघडून बघत होते.

लपाछपीत मी तुला लिंबूटिंबू केलं ते तू खेळाबाहेर राहू नयेस म्हणून. तू मला केलंस ते मी हरणार हे नक्की होतं म्हणून.

आता मी काय केलं ते ऐक. दोन्ही पट्टे, टीपकागद, तुझी सगळी पत्रं, हे शेवटचंसुद्धा, डॉक्टरीणबाईंच्या हातात दिलीयेत. ज्यांच्याकडे द्यायची त्यांच्याकडे त्या देतील. तुझं काय होईल ते मला माहीत नाही. मी रडले नाही असं नाही. आईने जाताना तुझा हात माझ्या हातात दिला होता, ते आठवून तासभर पेन उचललं नाही. पण तेलाच्या बाजूला आणखी एकोणचाळीस माणसं आहेत, आणि त्यांतल्या कुणाकुणाचा डोळा अजून वाचेल. त्यांना कुणी भाऊ नाही तुमच्या कारखान्यात, तेवढं त्यांचं नशीब चांगलं.

आणि एक. मी तुला खोटं लिहिलं. पहिल्या महिन्यापासून. सुईत दोरा ह्यांनी ओवून ठेवला होता, जाहिरात ह्यांनी वाचली होती, करडी शेड चुकली ती दिव्यामुळे नाही. तुझा निकाल चांगला लागावा, तुला खिडकीची खोली मिळावी, म्हणून कोरे तक्ते पाठवत राहिले. तू खरं लिही, खरं लिही म्हणायचास आणि मला भरून यायचं.

तर आता खरं घे. तक्त्यात भरून टाक.

नंबर सतरा. उजवा डोळा. मधल्या रेघा वाकड्या नाहीत, त्या मुळी नाहीतच. समोर माणूस बसला तर कडेकडेचं सगळं दिसतं: केस, कान, खांदे, सदऱ्याची कॉलर. मधे राखाडी डाग.

येऊ का म्हणून विचारलंस. ते पाकीट घेऊन येणार असशील तर ये, चाळीसही नावं त्यात हवीत. दार मी उघडीन. रिकाम्या हाताने आलास तर येऊन उपयोग नाही. तू समोर उभा राहशील, तुझे कान मला दिसतील, खांदे दिसतील, आणि मधे जिथे माझा भाऊ असायचा तिथे मला काहीही दिसणार नाही.

ताई